आजींच्या टीव्हीवरची मिस्सा



या वेळचा विषय आहे टीव्ही. नाक मुरडू नका. मालिकांवर किंवा मुलांच्या अभ्यासावर आम्ही काही बोलणार नाही. एका आजींच्या खोलीत जे घडलं आणि त्यात आमची जी चूक झाली, ती सांगायची आहे.

गेल्या पावसाळ्यातला एक रविवार. सकाळची मिस्सा आटोपून आम्ही चौघं चर्चच्या आवारात खुर्च्या रचत होतो, तेवढ्यात फोन वाजला. कुसुगल रोडच्या बाजूला राहणाऱ्या एका आजींच्या सूनबाई बोलत होत्या. "टीव्हीवर मिस्सा येईना हो. आत्याबाई सात वाजल्यापासून केस विंचरून, डोक्यावर पदर घेऊन बसल्यात. जरा येता का?"

आजींचं वय चौऱ्याऐंशी. माहेर पुण्याचं. लग्न होऊन हुबळीला आल्या, कारण यजमान इथल्या रेल्वे वर्कशॉपमध्ये होते. आपल्या गावात मराठी घरं कशी आली असं कुणी विचारलं, तर निम्मं उत्तर रेल्वेच्या जुन्या नावातच सापडतं. सदर्न मराठा रेल्वे कंपनी १८८२ ची. तिच्या मागोमाग पिढ्या आल्या, केशवापुरात आणि गदग रोडच्या क्वार्टर्समध्ये राहिल्या आणि इथल्याच झाल्या. आजी बाजारात कन्नड बोलतात, शेजारणीशी कोंकणी बोलतात, पण प्रार्थना मात्र मराठीत. लहानपणी त्यांनी मिस्सा लॅटिनमध्ये ऐकली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर ती मराठीत आली, तेव्हा आपल्याच स्वयंपाकघरातले शब्द वेदीवर ऐकून आपल्याला रडू आलं होतं, असं त्या सांगतात. आमच्याकडे मिस्सा कन्नडमध्ये, कोंकणीत, इंग्रजीत होते. मराठीत क्वचित. २०१८ मध्ये आजींचं कमरेचं हाड मोडलं, तेव्हापासून चर्चच्या पायऱ्या त्यांना परक्या झाल्या. म्हणून दर रविवारी वसईकडच्या एका चर्चमधली मराठी मिस्सा त्या टीव्हीवर पाहतात. त्या 'पाहते' म्हणत नाहीत, 'मिस्सेला जाते' म्हणतात.

आम्ही पोहोचलो तेव्हा त्या पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. समोरच्या पडद्यावर काळ्या पार्श्वभूमीवर इंग्रजीत दोन ओळी. हे अ‍ॅप या उपकरणावर यापुढे उपलब्ध नाही, अशा अर्थाच्या.

आम्ही हसून म्हणालो, "काही नाही आजी, पाच मिनिटांचं काम."

पाच मिनिटांचं काम असं आम्ही म्हणालो, कारण हा टीव्ही या घरात यायला आम्हीच कारण होतो.

२०२० आठवा. पंचवीस मार्चला देश बंद झाला. आमच्या दिनदर्शिकेत तो गॅब्रिएल दूताच्या निरोपाचा सण. दोन दिवसांनी, सत्तावीस तारखेला, पोप फ्रान्सिस रिकाम्या सेंट पीटर चौकात पावसात एकटे प्रार्थना करताना आपण सगळ्यांनी पाहिले, कुणी मोबाईलवर, कुणी टीव्हीवर. मग झावळ्यांचा रविवार आला, झावळ्यांशिवाय. ईस्टर आला, मेणबत्त्यांशिवाय. घराबाहेर पडू न शकणाऱ्या माणसांची आम्ही त्या वेळी यादी केली. अकरा घरं. ज्यांच्याकडे स्मार्ट टीव्ही होता, त्यांना फोनवरून एकेक बटण सांगत मिस्सा लावून दिली. आजींकडे नव्हता. त्यांचा जुना खोक्याचा ओनिडा कोपऱ्यात होता, सतरा वर्षं चाललेला. जूनमध्ये दुकानं उघडल्यावर त्यांच्या बंगळूरच्या मुलानं आम्हाला विचारलं, कुठला घेऊ? आम्ही दुकानात जाऊन बत्तीस इंची एक निवडला. स्वस्त मिळाला. 'जुना स्टॉक आहे, म्हणून सूट' असं दुकानदार म्हणाला. आम्ही त्याचा अर्थ एवढाच लावला की खोका धुळकट असेल. आणि मुलाला फोनवर सांगितलं, आता दहा वर्षं बघायला नको.

हे वाक्य कोण बोललं त्यावरून आमच्यात अजून वाद आहे. पण बोललो आम्हीच.

आता त्या रविवारचं. आधी वायफाय पाहिलं, ठीक होतं. सूनबाईंच्या मोबाईलवर तीच मिस्सा धडधडीत चालू होती. मग टीव्हीतली तारीख आणि वेळ पाहिली. (ही गोष्ट लक्षात ठेवा, उपयोगी आहे. वीज जाऊन-येऊन किंवा अन्य कशानं टीव्हीची तारीख चुकली, तर कितीतरी अ‍ॅप्स उघडत नाहीत. कारण पुढे सांगतो.) तारीख बरोबर होती. मग सॉफ्टवेअर अपडेट शोधलं. टीव्हीनं उत्तर दिलं, तुमचं सॉफ्टवेअर ताजं आहे. ते खरंच ताजं होतं. कंपनीनं काही वर्षांपूर्वी जे शेवटचं पाठवलं, तेच.

मग आमच्यातल्या एकानं फॅक्टरी रिसेट केलं.

त्याला दोष देत नाही, आम्ही तिघंही मागे उभे राहून मान डोलावत होतो. टीव्ही बंद झाला, परत चालू झाला, भाषा विचारली, देश विचारला, आणि मग दिसलं की जे अ‍ॅप निदान नावापुरतं होतं, ते आता यादीतूनही गेलं. टीव्हीच्या दुकानात शोधलं तर मिळेना. जुन्या टीव्हीवर अ‍ॅप रुसलं असेल तर रिसेट करायच्या आधी हे एकदा तपासा, की ते परत उतरवून घेता येतं का. आम्ही तपासलं नव्हतं. त्याबरोबर आजींच्या मुलानं आठवणीनं साठवून ठेवलेल्या मराठी गीतांच्या याद्याही गेल्या.

आजी सगळं शांतपणे बघत होत्या. म्हणाल्या, "जुन्या बुधल्यात नवा द्राक्षारस ओतलात होय?"

हसू आलं, पण त्या बरोबर बोलल्या होत्या. पुढचे काही दिवस आम्ही या प्रकाराची चौकशी केली. दाजीबान पेठेतल्या एका टीव्ही मेकॅनिकला गाठलं. पिक्चर ट्यूबच्या काळापासून काम करणारा माणूस, धारवाडी हेल काढून मराठी बोलतो. त्यानं टीव्ही मागून उघडला, झटकला, चालू करून पाहिला. "पॅनल एकदम छान आहे हो. अजून आठ-दहा वर्षं काही होत नाही. डोकं म्हातारं झालंय."

स्मार्ट टीव्ही म्हणजे एका खोक्यात दोन वस्तू. एक पडदा, जो नीट वापरला तर दहा-पंधरा वर्षं सहज टिकतो. दुसरा त्याच्या पाठीवर चिकटवलेला छोटा संगणक, आणि तो विकत घेतल्या दिवशीच जेमतेम ताकदीचा असतो. मोबाईल आपण चार वर्षांनी बदलतो, म्हणून त्याचं म्हातारपण दिसत नाही. टीव्ही भिंतीवर राहतो आणि त्याचं डोकं आतल्या आत मागे पडतं.

मागे कसं पडतं? टीव्हीवरची पुष्कळशी अ‍ॅप्स म्हणजे खरं तर टीव्हीच्या पोटातल्या ब्राउझरमध्ये उघडणारी पानं असतात. मोबाईलचा ब्राउझर महिन्या-दोन महिन्यांनी नवा होतो. जुन्या टीव्हीचा बहुधा कारखान्यातून निघाला त्याच वयाचा राहतो. अ‍ॅप बनवणारे नव्या ब्राउझरसाठी लिहीत जातात आणि एक दिवस जुन्याला ती भाषा कळेनाशी होते. व्हिडिओ दाबून लहान करायच्या पद्धती बदलतात. एव्ही१ ही पद्धत २०१८ ची, आणि ती उलगडायचं काम चिपमध्ये कोरलेलं असतं. अपडेट पाठवून चिप बदलता येत नाही. शिवाय चित्रपट चोरीला जाऊ नयेत म्हणून कुलपं असतात, तीही बदलतात. आणि प्रत्येक मॉडेलवर अ‍ॅप चालतं की नाही हे कुणीतरी माणूस लावून तपासावं लागतं. दहा वर्षांपूर्वीचं मॉडेल वापरणारे थोडेच उरले, की तो माणूस तिथून काढून घेतात. यात कुणी दुष्ट आहे असं नाही. पण खर्च कुणाच्या अंगावर पडतो तेही दिसतं.

आता तारखेचं. टीव्ही आणि दूरचा सर्व्हर बोलू लागण्याआधी एकमेकांची ओळखपत्रं तपासतात. त्या ओळखपत्रांवर मुदत छापलेली असते, आपल्या लायसन्सवर असते तशी. टीव्हीला आज २०१५ आहे असं वाटत असेल, तर आजचं ओळखपत्र त्याला भविष्यातलं, म्हणजे खोटं वाटतं. आणि टीव्हीनं आपल्या पोटात जपलेली मूळ ओळखपत्रंच संपली, तर तारीख बरोबर असूनही उपयोग नाही. ३० सप्टेंबर २०२१ ला असंच एक मोठं मूळ प्रमाणपत्र संपलं, तेव्हा जगभरच्या कितीतरी जुन्या उपकरणांना निम्मं इंटरनेट अनोळखी झालं.

आपल्या आजींची गोष्ट एकटीची नाही, हे शोधताना कळलं. २० एप्रिल २०१५ ला यूट्यूबनं आपली जुनी जोडणी बंद करायला घेतली, तेव्हा २०१२ आणि त्याआधीच्या पुष्कळ टीव्हींवरचं त्याचं अ‍ॅप गेलं. म्हणजे तीन वर्षांचे टीव्ही! अमेरिका-कॅनडातल्या सॅमसंगच्या २०१० आणि २०११ च्या काही मॉडेलांवर नेटफ्लिक्स १ डिसेंबर २०१९ पासून थांबलं. कारण दिलं होतं, तांत्रिक मर्यादा. आमच्यातल्या एकाला सगळ्या तारखा चर्चच्या दिनदर्शिकेत लावून बघायची सवय आहे. तो म्हणाला, अरे, हा तर आगमनकाळाचा पहिला रविवार.

तोच पुढे म्हणाला, दुसरी तारीख बघा. टीव्हीला मागून जोडायचं गूगलचं क्रोमकास्ट, दुसऱ्या पिढीचं, २०१५ मध्ये आलेलं. त्याच्या एका प्रमाणपत्राची दहा वर्षांची मुदत ९ मार्च २०२५ ला संपली आणि जगभरची ती उपकरणं एकाच दिवशी मुकी झाली. कंपनीनं काही दिवसांत दुरुस्ती पाठवली, हे खरं. पण ९ मार्च २०२५ म्हणजे उपवासकाळाचा पहिला रविवार. यातून काही अर्थ काढायचा नाही, संगणकाला रविवार कळत नाही. आम्हाला एवढंच वाटलं की कुठल्यातरी गावात कुणी आजी त्या आठवड्यात पदर घेऊन बसल्या असतील.

आधीचं सगळं टिकाऊ होतं आणि आताचं सगळं फसवं, असंही म्हणवत नाही. धारवाड आकाशवाणी ८ जानेवारी १९५० ला सुरू झाली. त्या वर्षी घेतलेला रेडिओ १९९० मध्येही तेच केंद्र पकडत होता. आजींच्या यजमानांकडे तसा एक होता. पण दूरदर्शननंही अँटेनावरचं जुनं प्रक्षेपण टप्प्याटप्प्यानं बंद केलंच, आणि केबल डिजिटल झाली तेव्हा आपल्या सगळ्यांना डबा घ्यावा लागला. फरक एवढा, की तेव्हा आधी जाहीर झालं होतं, केबलवाला घरी येऊन सांगून गेला होता, आणि टीव्ही कुणी फेकला नाही. डबा जोडला, ओनिडा पुढे चालला. आजींच्या या टीव्हीच्या बाबतीत आधी कुणी काही सांगितल्याचं आम्हाला आठवत नाही. किंवा पडद्यावर एखादी इंग्रजी ओळ येऊन गेली असेल आणि आजींनी ओके दाबलं असेल.

मेकॅनिकनं अजून एक गोष्ट दाखवली. टीव्हीच्या मागच्या चिठ्ठीवर मॉडेल नंबर होता. त्याच्या मधल्या एका अक्षरावर बोट ठेवून म्हणाला, "हे सोळा सालचं मॉडेल. तुम्ही घेतलं कधी?" आम्ही सांगितलं, वीसमध्ये. तो म्हणाला, "मग तुम्ही चार वर्षांचा नवा टीव्ही घेतला." अ‍ॅपची घड्याळं आपल्या पावतीच्या तारखेपासून चालत नाहीत, मॉडेल बाजारात आलं त्या वर्षापासून चालतात. सूट त्याचीच होती. आम्ही चौघांपैकी दोन जण बँकेत आयुष्य काढलेले, मुदत ठेवीच्या मागचा बारीक मजकूर वाचणारे. पण टीव्हीच्या मागची चिठ्ठी कुणी वाचली नाही.

आजींच्या मुलाला फोन केला आणि हे सगळं खरं खरं सांगितलं. तो रागावला नाही. म्हणाला, नवीन घेऊन टाकू, हा भंगारात द्या. आम्ही अडवलं. चांगला पडदा भंगारात कशाला? आणि द्यायचाच झाला तरी रस्त्यावरच्या भंगारवाल्याला देऊ नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांत टीव्ही येतो, तो नोंदणी असलेल्या रिसायकलरकडे जायला हवा. मेकॅनिकनं सांगितलं तसंच करायचं ठरलं. डोकं बदलायचं. म्हणजे एचडीएमआयला लावायची एक स्टिक घ्यायची, साडेतीन हजारांच्या आतबाहेर.

स्टिक यायला आणि लागायला दोन आठवडे गेले. बोलायला सोपं, पण टीव्हीला एचडीएमआयचं भोक एकच, आणि त्यात केबलचा डबा. मग दोन तोंडांचा जोड आणला. टीव्हीच्या यूएसबीवर स्टिकला वीज पुरेना, दर दहा मिनिटांनी बंद पडे. तेव्हा वेगळा चार्जर, म्हणजे वेगळी एक्स्टेन्शन. मग खातं उघडायचं तर ओटीपी बंगळूरच्या मोबाईलवर, आणि मुलगा मीटिंगमध्ये. शेवटी आजींच्या हातात तीन रिमोट झाले. टीव्हीचा, केबलचा, स्टिकचा. आजींच्या मते हे त्रैक्य नव्हे, गोंधळ आहे. स्टिकच्या रिमोटला आम्ही लाल चिकटपट्टी लावली आणि घराच्या चित्राच्या बटणावर सूनबाईंचा नेलपॉलिशचा ठिपका.

पण सांगायचं आहे ते मधल्या दोन रविवारांचं.

टीव्ही नव्हता, म्हणून पहिल्या रविवारी आम्ही फादरांना विचारून कम्युनियन घेऊन आजींकडे गेलो. ते दर महिन्याला व्हायलाच हवं, आणि २०१९ पर्यंत होतही होतं. नंतर टीव्ही आला, करोना होता, करोना गेला, आणि आमच्या यादीत आजींच्या नावापुढे 'टीव्ही मिस्सा सुरू' अशी खूण होती. ती खूण पाहून आम्ही पुढच्या घरी जात होतो. नाताळला, वाढदिवसाला जायचो. आठवण काढायचो. पण घरी जाऊन बसणं वेगळं.

त्या रविवारी बसलो. वाचनं मराठीत वाचायचं ठरलं. आमच्यातल्या ज्यानं वाचायला घेतलं त्याचं शिक्षण कन्नड शाळेत झालेलं. 'ळ' आणि 'ल' त्याच्या तोंडी जागा बदलतात. आजींनी तीन वेळा थांबवलं. तिसऱ्या वेळी म्हणाल्या, "बाळ, देवाला कळलं असेल, पण मला कळू दे की." मग पुस्तक स्वतःच्या हातात घेतलं, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि शुभवर्तमान स्वतः वाचलं. हळू, एकेका शब्दावर बोट ठेवत. टीव्हीसमोर त्यांनी पाच वर्षांत हे कधी केलं नसेल, टीव्ही थांबत नाही ना.

दुसऱ्या रविवारी आम्ही पोहोचलो तर सूनबाईंनी पोहे केले होते आणि शेजारची कोंकणी बोलणारी मावशीही येऊन बसली होती. पाऊस जोरात होता. आजी आम्हा चौघांना ओळीनं उभे पाहून म्हणाल्या, "मार्कच्या दुसऱ्या अध्यायातले दिसता. तेवढं छत मात्र उघडू नका, गळतंच आहे." त्या पक्षाघाती माणसाला चौघांनी खाटेसकट छतातून खाली सोडलं, ती गोष्ट आपल्याला माहीत आहे. मागाहून घरी येऊन अध्याय काढला, तर बुधल्यांचा दाखलाही त्याच अध्यायात, थोडा पुढे. आजींनी दोन्ही थट्टा एकाच पानावरून केल्या होत्या. आम्ही खाट उचलणाऱ्यांपैकी की जुन्या बुधल्यात ओतणाऱ्यांपैकी, हे त्यांनी सांगितलं नाही.

त्या दिवशी त्यांनी संत क्लारा यांची गोष्ट सांगितली. क्लारा असिसीच्या. शेवटच्या आजारपणातल्या नाताळच्या रात्री त्यांना उठवेना, सगळ्या भगिनी चर्चमध्ये गेल्या, आणि त्यांना आपल्या खोलीत पडल्या पडल्या ती सगळी उपासना दिसली आणि ऐकू आली, अशी परंपरा आहे. पुढल्या ऑगस्टमध्ये, ११ ऑगस्ट १२५३ ला, त्या वारल्या. याच गोष्टीवरून पोप बारावे पायस यांनी १९५८ मध्ये त्यांना टेलिव्हिजनच्या आश्रयदात्या संत ठरवलं. आम्हाला हे ऐकून माहीत होतं. आजींचा प्रश्न वेगळा होता. "क्लाराला दिसलं ते दिसलंच. पण मला सांगा, त्या भगिनी परत आल्यावर तिच्याजवळ बसल्या असतील की नाही?"

आम्ही म्हणालो, बसल्या असतील.

तिसऱ्या रविवारी स्टिक लागली. वसईची मिस्सा पडद्यावर आली, आधीपेक्षा स्वच्छ. आजींनी क्रूसाची खूण केली, आम्हीही केली. मिस्सा संपल्यावर त्यांनी लाल पट्टीचा रिमोट नीट पुसून उशीखाली ठेवला आणि विचारलं, "आता हे चालू झालं. म्हणजे तुम्ही येणार नाही का?"

सरळ विचारलं. तक्रार नव्हती त्यात, म्हणून जास्त लागलं. आमच्यातला एक म्हणाला, येणार ना आजी. मग आम्हाला ते जुनं 'दहा वर्षं बघायला नको' आठवलं आणि बाकीचे तिघं काहीच बोललो नाही.

नंतर आम्ही ती २०२० ची यादी काढली. अकरांपैकी तीन जण प्रभूकडे गेले. उरलेल्या आठ घरी एकेक शनिवार करून जाऊन आलो. तीन घरी मिस्सेचं अ‍ॅप बंद पडलेलं होतं. एका घरी सात महिन्यांपासून. "तुम्हाला कशाला त्रास," असं म्हणून त्यांनी सांगितलंच नव्हतं. ते काका केबलवर बातम्या बघत बसायचे. दोन घरी अ‍ॅप इतकं सावकाश चाले की प्रवचन ऐकू येई आणि फादर गोठलेले. बाकी ठीक. यंत्र बंद पडलं की बातमी कुणी आपण होऊन देत नाही, वृद्ध माणसं तर नाहीच.

नवा टीव्ही घ्यायचाच असेल त्यांच्यासाठी आमच्या चुकीतून जे कळलं ते. मागची चिठ्ठी वाचा, मॉडेल कुठल्या सालचं ते विचारा. 'अपडेट किती साल देणार' हे दुकानात विचारा आणि लेखी घ्या. २०२४ मध्ये सॅमसंगनं आपल्या नव्या टीव्हींना सात वर्षं आणि एलजीनं पाच वर्षं नव्या आवृत्त्या द्यायचं जाहीर केलं, म्हणजे आता हे आकड्यात सांगता येतं. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सुरक्षेचे अपडेट निदान किती काळ देणार हे उत्पादकाला सांगावंच लागतं. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाचं दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल २४ डिसेंबर २०२२ पासून आहे, तिथे कंपन्यांची दुरुस्तीची माहिती बघता येते. पण आम्ही कोप्पीकर रोडवर पाच खोके फिरवून पाहिले, एकावरही अ‍ॅप कुठवर चालेल ते छापलेलं नव्हतं. अ‍ॅपचं चिन्ह मात्र पाचांवरही मोठं छापलेलं. पडदा चांगला निवडा, एचडीएमआयची भोकं मोजा, तीन असली तर बरं. डोकं पुढेमागे बदलावं लागेल असं धरूनच चाला. स्टिकही पाच-सात वर्षांची पाहुणी आहे.

आता आमच्याकडे एक नवी वही आहे. तीत घर, मॉडेलचं साल, स्टिक असेल तर तिचं साल आणि खात्याचा ओटीपी कुणाकडे जातो, हे रकाने आहेत. शेवटचा रकाना 'भेट' असा आहे, त्यात तारीख लिहायची. 'टीव्ही मिस्सा सुरू' हा रकाना काढून टाकला. वही सॅक्रिस्टीत डाव्या कपाटात आहे. मराठी वाचता येणारे दोन जण आम्हाला कमी पडतात. उच्चार कच्चे असले तरी चालेल, आजी सुधारून घेतील. त्यांच्याकडची पुढची पाळी येत्या रविवारी आहे, साडेनऊला, त्यांची मिस्सा संपली की. पोहे असतील असं सूनबाईंनी कळवलं आहे.